आंधळी मोजणी

स्लाइडवर नाव नसतं. फक्त आकडा, तोही
बास्तिदासने माझ्या पाठीमागे उलटापालटा केलेला.
चार. सतरा. एकतीस.
कुठल्या उंदराला पाणी दिलं, कुणाला नवं औषध,
हे मला कळू नये म्हणून यादी पाकिटात,
पाकीट डॉक्टर कात्रिलेओंच्या कपाटात,
आणि किल्ली त्यांच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी.

वाल्दिवियात जुलै. सकाळी आठलाही दिवा लागतो.
खाली मासळीबाजारात समुद्रसिंह भुंकतात
कापलेल्या डोक्यांच्या वाट्यासाठी.
मी भिंगाच्या टोकाला तेलाचा थेंब लावते.

औषध आलं किनाऱ्याच्या डोंगरातून.
तिथे एक अलेर्से आहे, इतकं म्हातारं
की लाकूडतोडेही वय विचारत नाहीत.
मुळाशी शेवाळ, शेवाळाखाली माती,
मातीत एक जीव, ज्याला शेजार खपत नाही.
तो रस सोडतो आणि भोवतीची वस्ती उठते.
"निसर्गाचं आहे, म्हणजे निर्धोकच की,"
वर्तमानपत्राचा पोरगा म्हणाला.
डॉक्टर हसल्या नाहीत.
"निसर्गाने ते आपल्यासाठी केलेलं नाही."

प्रश्न एवढाच: जंतू मारता मारता
ते आपल्या आतल्या धाग्यालाही दात लावतं का?
लावत असेल तर आज काही दिसणार नाही.
ताप उतरेल, माणूस घरी जाईल, लग्न करेल,
परसात बटाटे लावेल.

म्हणून मी मोजते.
तांबडी पेशी वयात येताना आपलं केंद्रक टाकून देते,
रिकाम्या हातांनी रक्तात उतरते.
धागा तुटला असेल तर मात्र एक कण मागे राहतो,
गोल, पिवळट हिरवा,
झाडलेल्या खोलीत पलंगाखाली सापडावा तसा मणी.
माळ कधी तुटली ते मणी सांगत नाही.
तुटली होती, एवढंच.

एका उंदरामागे चार हजार पेशी.
डावं बटण स्वच्छ. उजवं डागी.
स्लाइड चार: पाच मणी.
सतरा: सहा. इतके तर नुसत्या पाण्यावरच्यालाही असतात,
जगण्याचीच झीज ती.

एकतीस:
पहिल्या शंभरात तीन.
दुपारपर्यंत एकाहत्तर.
पाकीट न उघडताही हा ओळखू येतो,
दर चाचणीत मुद्दाम बसवलेला आमचा सराईत गुन्हेगार.
तो धागा तोडणारच.
त्याची तोडफोड दिसली नाही तर आपले डोळे खोटे.
नाव सायक्लोफॉस्फामाइड.

दर तिसऱ्या गुरुवारी
इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर
माझ्या भावाच्या, एवारिस्तोच्या, शिरेत
हेच उतरतं. थेंब थेंब.
त्याच्यातलं जे बेफाम वाढतंय ते तोडायला
तोडणाराच लागतो.
त्याला कॉफीचा वास सोसत नाही,
मी जिन्यात उभी राहून पिते.

गेल्या आठवड्यात त्याला ताप भरला.
पांढऱ्या पेशी उरल्यात मोजक्या,
आणि जखमेतल्या जंतूने
इस्पितळातल्या तीन औषधांना दारातून परत पाठवलं.
"तुमच्या त्या झाडाखालच्याचं काय झालं?"
"मोजतेय अजून."
"जरा भरभर मोज," तो म्हणाला,
मग आम्ही दोघं फुटबॉलवर बोललो.

आज स्लाइड बावीस.
दोन हजार तीनशे अकरा पेशी, सात मणी.
बाराव्यात काहीतरी आहे.
रंगाचा कण असेल. नसेल.
नियम सांगतो, फोकस वरखाली करा:
रंग असला तर लकाकतो, खरा मणी नुसता विरतो.
मी वर करते. खाली करते.
बावीसला पाणी मिळालंय की ते, मला ठाऊक नाही,
आणि बोट मात्र डावीकडे सरकतंय,
जणू त्याने पाकीट उघडून वाचलंय.

डोळे पुसते. पुन्हा वर. पुन्हा खाली.

विरला.

उजवं बटण.
दोन हजार तीनशे बारा. आठ.
पुढची.